पहिल्या गोळीची खात्री : एकबारी रायफलची रचना आणि प्रयोजन

एका वेळी एकच काडतूस घेणारी, प्रत्येक बारानंतर हाताने उघडून पुन्हा भरावी लागणारी आणि नळीच्या आतून सर्पिल आटे पाडलेली बंदूक म्हणजे एकबारी रायफल. काडतुसांची पेटी, म्हणजे मॅगझिन, तिला नसते. गोळी सुटली की नेमबाजाला थांबावे लागते. खटका, म्हणजे नळी मागून बंद करणारी यंत्रणा, उघडायचा, रिकामे पितळ बाहेर काढायचे, नवे काडतूस बोटांनी आत बसवायचे, खटका बंद करायचा आणि मगच पुन्हा नेम धरायचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगभरच्या सैन्यांनी ही पद्धत सोडली, कारण रणांगणावर दुसरी गोळी लवकर सुटणे मोलाचे ठरले. तरीही ऑलिंपिकची ५० मीटर रायफल, हजार यार्डांवरच्या स्पर्धा आणि काही अतिजड सैनिकी रायफली यांत ती टिकून आहे. दुसऱ्या गोळीची घाई सोडली की पहिल्या गोळीसाठी काय काय करता येते, हे या रायफलच्या प्रत्येक भागात दिसते.

ठासणीची बंदूक

एका बाराची बंदूक महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाला नवी नाही. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या सीमेलगत किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यात भातखाचरे आणि जंगल एकमेकांना खेटून आहेत. भात पोटरीला आले की रानडुकरे खाचरांत उतरतात. माळ्यावर बसून रात्रभर राखण करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती जिथे बंदूक असे, तिथे ती बहुधा ठासणीची. तोंडाकडून दारू ओतायची, बोळा सारायचा, गोळी किंवा छर्रे घालायचे आणि गजाने ठासायचे, म्हणून ती ठासणीची. मागच्या बाजूस निपलावर तांब्याची केप बसते. घोडा केपवर आदळला की ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

ही केपही तशी अलीकडची, एकोणिसाव्या शतकातली. त्याआधी चकमकीची आणि तिच्याही आधी तोड्याची बंदूक होती. तोड्याच्या बंदुकीत जळती वात चापाने खाली झुकवून कान्याशेजारच्या रंजकीला, म्हणजे पेट घेणाऱ्या दारूला, लावत. शहापूर तालुक्यातल्या ज्या माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढले, त्या काळची बंदूक ही अशी होती. गडांच्या तटाला ठेवलेल्या जंग्या, म्हणजे बार टाकायची छिद्रे, या बंदुकांसाठीच. तटावर किंवा तिवईवर टेकवून उडवायची जेजाल ही लांब, जड आणि मोठ्या तोंडाची बंदूकही त्याच काळातली. खांद्याला न पेलणारी, पण साध्या बंदुकीहून दूर मारणारी जेजाल म्हणजे मोठ्या बोअरच्या, म्हणजे नळीच्या मोठ्या आतल्या व्यासाच्या, एकबारी शस्त्राचे आपल्याकडील जुने रूप.

या साऱ्या बंदुकांत एक उणीव समान होती. त्यांची नळी आतून गुळगुळीत असे. तोंडाकडून गोळी सहज आत जावी म्हणून ती नळीच्या व्यासापेक्षा थोडी लहान ठेवावी लागे. बार उडाला की गोळी नळीच्या भिंतींवर आदळत बाहेर येई. शेवटचा आदळा जिकडे बसे, त्याच्या उलट दिशेला ती कलंडे आणि प्रत्येक वेळी निराळ्या गतीने, निराळ्या अंगाने फिरे. त्यामुळे शंभर मीटरच्या आतही एकेका माणसावर धरलेला नेम भरवशाचा नव्हता. गुळगुळीत नळीचे सैनिक रांगेत उभे राहून एकदम बार का उडवत, त्याचे कारण हेच. नेमका कोणाचा बार लागेल हे ठरलेले नसे, पुष्कळ बारांतले काही लागत.

आटे आणि गोळीचे फिरणे

यावरचा उपाय म्हणजे आटे. नळीच्या आतल्या भिंतीवर मळसूत्रासारख्या वळत जाणाऱ्या खाचा पाडल्या की गोळीचे मऊ शिसे त्यांत घट्ट रुतते आणि पुढे सरकताना स्वतःच्या अक्षाभोवती फिरू लागते. वेगाने फिरणारा भोवरा कलंडत नाही, तशी फिरणारी गोळी आपले टोक पुढे धरून राहते. यामुळे आणखी एक दार उघडले. वाटोळी गोळी सोडून लांबट, टोकदार गोळी वापरता येऊ लागली. लांबट गोळी फिरत नसेल तर हवेत कोलांट्या घेते. फिरत असेल तर मात्र ती वाटोळ्या गोळीहून किती तरी कमी अडखळत हवा कापते.

आटे सोळाव्या शतकापासून ठाऊक होते, पण भरण्याचा त्रास मोठा होता. आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडाकडून ठोकून खाली न्यावी लागे. १८४९ साली फ्रान्समधल्या क्लोद मिन्ये यांनी मागून पोकळ असलेली लांबट गोळी पुढे आणली. ती सैल बसे, पण बार उडताच मागची पोकळी फुगून शिसे आट्यांत शिरे. याच तत्त्वावर १८५३ ची एन्फील्ड रायफल आली. तिचा बोअर ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर होता. तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ चा असंतोष भडकला.

एन्फील्डच्या आट्यांचा पीळ संथ होता. गोळी एक फेरा पुरा करी तो ७८ इंचांत, म्हणजे जवळजवळ दोन मीटरांत. इंग्लंडमधले यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांनी हाच मुद्दा हाती घेतला. त्यांनी बोअर ०.४५१ इंचांवर आणला, गोळी लांब केली आणि पीळ २० इंचांत एक फेरा इतका घट्ट ठेवला. नळीचा छेद त्यांनी षट्कोनी केला. १८५७ च्या चाचण्यांत ही रायफल लांब पल्ल्यावर एन्फील्डच्या फार पुढे गेली. १८६० साली विंबल्डनच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने घट्ट बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलचा चाप दोरीने ओढून केले. ४०० यार्डांवरची ती गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. आधी गोळीचा आकार ठरवायचा, मग त्याला साजेसा पीळ आणि मग बाकीची रायफल, हा अचूक रायफलचा क्रम तेव्हापासून पक्का झाला.

मागून भरणारी रायफल आणि मैवंद

पुढची पायरी होती मागून भरण्याची. १८६६ साली ब्रिटिशांनी जुन्या एन्फील्डच्या नळीचा मागचा भाग कापून तिथे बाजूला उघडणारे झाकण बसवले. ही स्नायडर. काडतूस आत सरकवायचे, झाकण मिटायचे, बार टाकायचा, झाकण उघडून मागे ओढायचे आणि बंदूक उलटी करून रिकामे कवच खाली पाडायचे. मिनिटाला दहाच्या आसपास बार निघू लागले. ठासणीच्या बंदुकीला हे तीन-चाराच्या वर कधी गेले नव्हते. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ साली उभा राहिला, तो काडतुसांच्या याच नव्या युगात.

१८७१ साली आलेली मार्टिनी-हेन्री ही मोठ्या बोअरच्या एकबारी सैनिकी रायफलीतली सर्वांत प्रसिद्ध. तिचा खटका स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिश फॉन मार्टिनी यांचा आणि नळी एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची. मुठीखालची तरफ खाली ओढली की नळीमागचा पोलादी ठोकळा झुकतो, कवच बाहेर फेकले जाते आणि वर मोकळी पन्हळ उरते. तीत काडतूस ठेवून अंगठ्याने आत लोटायचे. तरफ वर घेतली की ठोकळा चढून नळी बंद करतो. आतली सुई तरफ खाली ओढतानाच ताणली जाते. बाहेर वेगळा घोडा नाही, सुटे भाग थोडे आणि मजबुती मोठी. बोअर ०.४५० इंच, म्हणजे ११.४ मिलिमीटर, गोळी सुमारे ३१ ग्रॅम, काळी दारू साडेपाच ग्रॅम आणि रायफलचे वजन पावणेचार किलोंच्या आसपास. हेन्रींच्या नळीत सात आटे होते आणि २२ इंचांत एक फेरा. सेकंदाला ४१० मीटर वेगाने सुटलेली गोळी या हिशेबाने सेकंदाला सातशेहून अधिक फेरे घेई.

या दोन्ही रायफली २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ब्रिटिशांच्या एकाच फळीत होत्या. जनरल बरोज यांच्या ब्रिगेडमध्ये ब्रिटिशांची ६६ वी पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती. बॉम्बे आर्मीच्या पहिल्या ग्रेनेडियर आणि तिसाव्या, म्हणजे जेकब्स रायफल्स, या देशी पलटणींकडे स्नायडर होती. देशी शिपायाला गोऱ्या सैनिकाहून एक पिढी जुनी बंदूक द्यायची, हे १८५७ नंतर ठरवून पाळलेले धोरण होते. मैवंदचा पराभव अनेक कारणांनी झाला आणि एकट्या बंदुकीवर तो टाकता येत नाही. पण एकाच उन्हात, एकाच शत्रूसमोर, एकाच सैन्यातल्या शिपायांना कमी प्रतीचे शस्त्र जाणूनबुजून दिले गेले होते, ही गोष्ट बॉम्बे आर्मीच्या इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

१८८६ साली फ्रान्सची लेबेल रायफल बिनधुराच्या दारूसह आली आणि चित्र पालटले. नवी दारू अधिक जोरदार होती. त्यामुळे लहान, हलकी गोळी फार मोठ्या वेगाने पाठवता येऊ लागली. काडतूस लहान झाले आणि मॅगझिनमध्ये अनेक मावू लागली. १८८८ साली ब्रिटिशांनी ०.३०३ इंची ली-मेटफर्ड स्वीकारली. मोठ्या बोअरची एकबारी रायफल हळूहळू पायदळातून गेली.

क्रीडमूरची कसोटी

सैन्यातून जाण्याआधीच तिने दुसरे क्षेत्र गाठले होते. २६ सप्टेंबर १८७४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयरिश आणि अमेरिकी संघांची लढत झाली. पल्ले होते ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश संघाकडे रिग्बी यांच्या तोंडाकडून भरायच्या रायफली होत्या, तर अमेरिकनांकडे रेमिंग्टन आणि शार्प्स यांच्या मागून भरायच्या एकबारी रायफली. अमेरिकनांनी ९३४ विरुद्ध ९३१ गुणांनी बाजी मारली. मागून भरलेली रायफल अचूकतेत उणी पडते, हा तोवरचा समज त्या दिवशी मोडला. मैदानी नेमबाजीत तेव्हापासून मागून भरणारी एकबारी रायफल स्थिरावली.

रचना : प्रत्येक वेळी तेच

अचूक रायफलची गुणवत्ता एका प्रश्नावर तोलली जाते. एकच नेम धरून दहा गोळ्या सोडल्या तर त्या किती लहान वर्तुळात पडतात? नेम इकडे-तिकडे असला तर तो सरकवता येतो. गोळ्या विखुरल्या तर दृष्टी कितीही तीक्ष्ण असो, उपयोग नाही. म्हणून प्रत्येक भागाने प्रत्येक वेळी तंतोतंत तसेच वागावे, हे रचनेचे सूत्र आहे.

सुरुवात खटक्यापासून होते. मॅगझिनच्या रायफलमध्ये खटक्याच्या पोलादी देहाला खालून मोठी फट ठेवावी लागते, कारण काडतुसे तिथूनच वर येतात. एकबारी रायफलमध्ये ती फट लागत नाही. पोलाद सलग राहते आणि बार उडताना कमी वाकते. या बाराचा दाब हवेच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींपर्यंत जातो. इतक्या दाबाखाली केसाएवढा बाकही नळीच्या तोंडाशी मोठा होतो. मार्टिनीसारख्या ठोकळ्याच्या खटक्याला मागे सरकणारा बोल्ट नसल्याने तो आखूडही असतो आणि तेवढ्याच लांबीच्या रायफलमध्ये नळी लांब ठेवता येते. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने हाच खटका ०.२२ इंची लक्ष्यवेधी रायफलींत विसाव्या शतकात दीर्घकाळ वापरला.

काडतूस हाताने बसवण्याचा फायदाही थेट आहे. मॅगझिनमधून झटक्याने चढताना गोळीचे टोक धातूवर घासते, कधी चेपते, कधी गोळी कवचात तिरकी होते. बोटांनी ठेवलेल्या काडतुसाला हे काही होत नाही. शिवाय काडतुसाची लांबी मॅगझिनच्या मापात बसवण्याची सक्ती राहत नाही, त्यामुळे लांब, निमुळती गोळी आट्यांच्या तोंडाशी अगदी जवळ नेऊन ठेवता येते. ती जितकी सरळ आट्यांत शिरेल तितकी सरळ बाहेर पडेल.

कवच पितळेचे असते, कारण पितळ ताणले जाते आणि पुन्हा आकसतेही. बार उडताच कवच फुगून कोठीच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, भिंतीला चिकटते, मागे येणारा वायू अडवते आणि दाब उतरला की सैल होऊन बाहेर निघते. कोठी आणि कवच यांच्यात मोकळी जागा किती, हे मिलिमीटरच्या शतांश भागांत ठरवतात.

नळी हा रायफलचा प्राण. बार उडाला की ती छेडलेल्या तारेसारखी थरथरते आणि गोळी बाहेर पडते तेव्हा तिचे तोंड कुठल्या तरी दिशेला किंचित झुकलेले असते. थरथर बंद करता येत नाही. ती लहान आणि दर वेळी सारखी मात्र करता येते. म्हणून नळी जाड ठेवतात. पोलादी दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. व्यास दुप्पट केला तर ताठरपणा सोळापट होतो. जाड नळी उशिरा तापते, तेही हिताचे, कारण तापलेली नळी नेम सरकवते. नळीला दस्त्याचा स्पर्श होऊ देत नाहीत. ती फक्त खटक्यापाशी पक्की असते आणि पुढे मोकळी. दस्त्याचे लाकूड पावसाळ्यात फुगले तरी नळी ढकलली जात नाही. आजचे दस्ते बहुधा ॲल्युमिनियमचे किंवा लॅमिनेट केलेल्या लाकडाचे असतात. गालाचा टेका, खांद्याचा टेका, मुठीचा कोन असे सारे नेमबाजाच्या अंगाप्रमाणे जुळवता येते. शरीर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकावे, यासाठी ही खटपट.

चाप हलका आणि स्वच्छ सुटणारा हवा. चाप सुटल्यापासून सुई काडतुसावर आदळेपर्यंत काही सहस्रांश सेकंद जातात आणि गोळी नळीतून जाईपर्यंत आणखी थोडे. तेवढ्यात हात हलला तर नेम गेला. म्हणून सुईचा प्रवास आखूड आणि स्प्रिंग जोरदार ठेवतात.

शेवटी दर्शक. ऑलिंपिकच्या रायफलला दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्र आणि पुढे वर्तुळाकार मक्षिका असते. दोघांतले अंतर ७५ सेंटिमीटर धरले आणि जुळणी एक मिलिमीटरने चुकली, तर ५० मीटरवर गोळी सुमारे ६७ मिलिमीटर दूर जाते. त्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे जुळणीतली मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची चूकही गोळीचा मध्य या वर्तुळाबाहेर नेते.

मोठा बोअर कशासाठी

पल्ला जवळचा असेल तर मोठ्या बोअरची गरज नाही. लांबच्या पल्ल्यावर मात्र आकार महत्त्वाचा ठरतो आणि त्याचे कारण साध्या भूमितीत आहे. एकाच घडणीच्या दोन गोळ्या घेतल्या आणि दुसरीचा व्यास दुप्पट ठेवला, तर तिचे वजन आठपट होते, पण हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ चौपटच वाढते. हवा अडवते ती क्षेत्रफळाच्या प्रमाणात आणि गोळी जोर टिकवते ती वजनाच्या प्रमाणात. म्हणून दुप्पट व्यासाची गोळी दूरवर वेग अधिक राखते, लवकर पोहोचते आणि वाऱ्याने कमी सरकते.

हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, याची किंमत कळते. ७.६२ मिलिमीटरच्या रायफलची गोळी तिथवर जायला दीड सेकंदाहून अधिक घेते आणि नळीच्या रेषेपासून सुमारे दहा मीटर खाली येते. खाली येणे दर वेळी जवळपास सारखेच असल्याने ते दर्शक उंचावून भरून काढता येते. वारा मात्र सारखा नसतो. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा हीच गोळी दोन मीटरांहून अधिक सरकवतो. लांब पल्ल्याचा नेमबाज म्हणूनच बहुतेक वेळ झेंड्यांकडे आणि गवताकडे पाहत बसलेला दिसतो.

मोठ्या गोळीचे ओझे रायफलवर आणि खांद्यावर पडते. १२.७ मिलिमीटरच्या ब्राउनिंग काडतुसाची गोळी सुमारे ४५ ग्रॅमची आणि तिचा वेग सेकंदाला ८८० मीटरच्या आसपास. केवळ गोळीचा हिशेब केला तरी १२ किलोंची रायफल सेकंदाला ३.३ मीटर वेगाने मागे यायला पाहते. पावणेचार किलोंची मार्टिनी-हेन्री तिच्या गोळीच्या हिशेबाने साधारण याच वेगाने मागे येई. खांद्याला जाणवणारा धक्का केवळ वेगावर ठरत नाही, मागे येणारे वजनही त्यात मिसळते. म्हणून अशा रायफलच्या तोंडाला वायू बाजूला आणि मागे वळवणारा ब्रेक बसवतात, दस्त्याला जाड गादी देतात आणि पुढे दोन पायांची घोडी लावतात. वजन हा या रायफलमध्ये दोष नसून सोय आहे.

सैनिकी प्रयोजन

पहिल्या महायुद्धात रणगाडे आले आणि मोठ्या बोअरची एकबारी रायफल सैन्यात परतली. १९१८ साली जर्मनीने माउझर कारखान्याची १३.२ मिलिमीटरची रायफल काढली. मोठा केलेला बोल्ट, मॅगझिन नाही आणि वजन अठरा किलोंच्या घरात. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने १९४१ साली देग्त्यारेव यांची १४.५ मिलिमीटरची एकबारी रायफल मोठ्या संख्येने बनवली. तिची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या वेगाने सुटे. जर्मन सैन्य दाराशी येऊन ठेपले होते आणि शस्त्र तातडीने हवे होते. एकबारी खटका साधा असल्याने तो भराभर बनवता आला.

रणगाड्यांचे चिलखत पुढे इतके जाड झाले की रायफलची गोळी पुरेना. मग या रायफलचे लक्ष्य बदलले. उभी विमाने, रडार, वाहनांची इंजिने आणि दळणवळणाची साधने दुरून निकामी करणे, तसेच पडून राहिलेले स्फोटक सुरक्षित अंतरावरून उडवणे, ही तिची कामे झाली. भारतात तिरुचिरापल्लीच्या आयुध कारखान्याने या प्रकारची ‘विध्वंसक’ रायफल तयार केली. नळी आणि संबंधित भाग बदलून ती १२.७, १४.५ आणि २० मिलिमीटर अशा तीन बोअरमध्ये वापरता येते. तिचा खटका हाताने ओढायचा बोल्टच आहे. त्यात मॅगझिन असले तरी रचनेचा विचार एकबारी रायफलचाच, एकेक गोळी मोजून सोडण्याचा.

क्रीडांगणावरची एकबारी

एकबारी रायफल महाराष्ट्राने सर्वांत उंच नेली ती खेळात, तीही लहान बोअरमध्ये. मोठ्या बोअरची ३०० मीटर रायफल १९७२ नंतर ऑलिंपिकमधून गेली. उरली ती ५० मीटरची ०.२२ इंची, म्हणजे ५.६ मिलिमीटरची रायफल आणि १० मीटरची हवेवर चालणारी. दोन्हींत प्रत्येक गोळी हाताने भरावी लागते.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी ऑगस्ट २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोमध्ये १० मीटर एअर रायफलचे विश्वविजेते झाले. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचे कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थितींत मिळून अंतिम फेरीत त्यांचे ४५१.४ गुण झाले. या प्रकारातले ते भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे गेली. कुसळे यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांनी स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात भाग घेतला होता.

मुंबईतले वरळीचे रेंज आणि पुण्यातले बालेवाडीचे रेंज हे राज्यातल्या नेमबाजीचे मोठे आधार आहेत. रेंजवर शिकायचा पहिला धडा रायफलच्या रचनेशी जुळतो. गोळी एकच आहे, तेव्हा श्वास, चाप आणि नजर जुळेपर्यंत ती सोडायची नाही. जुळले नाही तर रायफल खाली घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

शेत, कायदा आणि गोळीचा पल्ला

अशी अचूक रायफल पिकाच्या राखणीला का देत नाहीत, हा प्रश्न जंगलाकाठच्या गावांत स्वाभाविक आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मान्य करतो आणि ती अपुरी पडत असेल तर गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचाही विचार करू देतो. आटे असलेल्या रायफलला तो इतका सहज हात लावू देत नाही. सैनिकी बोअरच्या रायफली तर सामान्य नागरिकाला निषिद्धच आहेत.

यामागचे कारण पल्ल्यात आहे. ठासणीच्या बंदुकीतले छर्रे थोड्या अंतरात जोर हरवतात. लहानशी वाटणारी ०.२२ इंची गोळी मात्र दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि १२.७ मिलिमीटरची गोळी सहा किलोमीटरांच्याही पुढे. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात एका पाड्यापासून दुसरा पाडा, पाणवठा किंवा शाळेची वाट बहुधा दीड-दोन किलोमीटरांत असते. रेंजवर गोळी अडवायला मातीचा उंच बांध असतो. खाचराच्या मागे मात्र कुणाचे तरी घर असते. रात्री नुसत्या सळसळीवर बार टाकल्याने माणसे दगावल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत आणि त्याही साध्या बंदुकांनी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही. नुकसान झाले तर पंचनामा करून भरपाई मागण्याची वाट सरकारी नियमांत आहे. राखणीसाठी कुंपण, उजेड आणि आळीपाळीने जागणारी माणसे हेच साधन अधिक सुरक्षित.

लक्ष्य ठरलेले, अंतर मोजलेले, मागे भक्कम बांध आणि पुरेसा वेळ, या चार अटी पुऱ्या होतात तिथेच एकबारी अचूक रायफल आपले काम करते. तिचा बोअर पल्ल्याप्रमाणे लहान-मोठा होतो, खटका आणि दस्ता काळाप्रमाणे बदलतात, पण या अटी बदलत नाहीत.